कोरड्या जमिनीत रोपे जगवताना ओल नेमकी कुठे टिकवायची?

माळरान

नमस्कार. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी मी एका हलक्या उताराच्या मुरमाड जमिनीवर १२० रोपे लावली. जात सगळ्यांची कोरडी हवा सोसणारीच होती, खड्डे सर्वत्र सारखेच, म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी ४५ सेंटिमीटर. त्यांपैकी ६० रोपांच्या आळ्यांत वाळलेल्या गवताचे चार बोटे जाड आच्छादन घातले आणि उरलेली ६० तुलनेसाठी उघडी ठेवली. पाऊस संपल्यावर सर्वांना दिवसाआड दोन-दोन लिटर पाणी दिले.

कोरडा हंगाम संपला तेव्हा आच्छादनाखालची २५ आणि उघडी १८, अशी एकूण ४३ रोपे जिवंत होती. आच्छादनामुळे फरक पडला हे खरे, परंतु जितका वाचला होता तितका मुळीच नाही. मला खरोखर बुचकळ्यात टाकणारी गोष्ट निराळी आहे. मेलेल्या रोपाजवळचे गवत बाजूला करून पाहिले, तर खालची माती अनेक ठिकाणी बोटांना ओलसर लागत होती. ओल आहे आणि रोप वाळलेले आहे, हे कसे? ओल टिकवायची म्हणजे ती नेमकी कुठे आणि कोणासाठी टिकवायची, यावर अनुभवी सदस्यांनी लिहावे.

वाफसा

पहिला प्रश्न असा की ही ओल तुम्ही किती खोलवर पाहिली? बोट घालून पाहिली असेल, तर तुम्ही वरची तीन बोटे पाहिलीत. एक साधा हिशेब करा. आळ्याचा व्यास दोन फूट धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर येते. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर, त्यामुळे तुमचे दोन लिटर म्हणजे जेमतेम सात मिलिमीटरची सर झाली. मध्यम पोताची वाळलेली माती दर १० सेंटिमीटर जाडीला साधारण १५ मिलिमीटर पाणी धरते आणि वरचा थर भरल्याखेरीज पाणी खाली सरकत नाही. म्हणजे तुमचे सात मिलिमीटर पाच सेंटिमीटरांच्या आसपास थांबले. आडवे पसरलेले पाणी धरले तर त्याहूनही कमी. मुरमाड माती थोडे कमी पाणी धरते म्हणून तिथे ते काहीसे खोल जाईल, परंतु चित्र तेच राहते.

आता हेच पाणी तीन आठवडे न देता एकदम दिले असते, तर ते २० लिटर, म्हणजे ७० मिलिमीटर झाले असते आणि सुमारे हातभर खोल उतरले असते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या पीक-पाणी मार्गदर्शिकेत मातीच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनाचा थर १० ते १५ सेंटिमीटर धरला आहे. तुमचे सगळे पाणी त्याच थरात पडले आणि तिथूनच गेले.

शंकासुर

थोडक्यात सांगायचे तर, माळरान यांनी सहा-सात महिने निष्ठेने सूर्याला पाणी पाजले.

माळरान

हसू आले आणि वाईटही वाटले. पण वाफसा, पाणी रोज थोडे दिल्याने रोपाला ताण पडत नाही असेच मी समजत होतो.

मुळाक्षर

ताण पडत नाही हे खरे आहे, आणि दोष तिथेच आहे. मूळ ओलीच्या दिशेने वाट शोधत जात नाही. जिथे ओल असते तिथे ते वाढते आणि कोरड्या मातीत थांबते, इतकेच. दिवसाआड वरची तीन बोटे भिजत राहिली तर रोपाची मुळे त्या तीन बोटांतच जाळे विणतात. पुढे एखादा आठवडा पाणी चुकले की तो थर सर्वांत आधी सुकतो आणि रोपाजवळ दुसरा आधार नसतो. रोपटे जगणे ही कोरड्या प्रदेशात एक शर्यत असते: पाऊस थांबल्यावर माती वरून खाली सुकत जाते आणि मुळाचे टोक त्या सुकण्याच्या पुढे राहिले पाहिजे. बाभळीच्या कुळातील कित्येक जातींचे सोटमूळ पहिल्याच हंगामात मीटरभर जाते, तेव्हा वरचे रोप वीतभरही नसते. अमेरिकेतील ॲरिझोनात एका उघड्या खाणीच्या खोदकामात विलायती बाभळीच्या जवळच्या जातीचे मूळ ५३ मीटर खोल सापडल्याची नोंद प्रसिद्ध आहे. तेवढे खोल कोणाला जायचे नाही, परंतु पहिल्या सहा महिन्यांतील पहिला मीटर सोडता येत नाही.

माळरान, माझी विनंती आहे की मेलेली रोपे फेकू नका. दहा-वीस रोपे मातीसकट हळूच उकरून काढा आणि मुळांचा आकार पाहा. मला एक संशय आहे, पण तो आताच सांगून तुमची नजर दूषित करत नाही.

पिंपळपान

आच्छादनाची बाजू कोणीतरी घेतली पाहिजे. मी गेली बारा वर्षे झाडे लावत आहे आणि आच्छादनाविना लावण्याचा विचारही करत नाही. आच्छादन केवळ बाष्पीभवन रोखत नाही. ते पावसाच्या थेंबांचा मार अडवते, त्यामुळे मातीवर पापुद्रा धरत नाही आणि पाणी मुरते, मातीचे तापमान उतरते, तण दबते, कुजल्यावर मातीचा पोत सुधारतो. जाडी आठ-दहा सेंटिमीटर हवी आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी हवी, नाहीतर साल कुजते. माळरान यांचे आच्छादन बसून बसून दोन बोटांवर आले असणार. गवत बसतेच.

वाफसा

पिंपळपान, तुमच्या प्रत्येक वाक्याशी सहमत आहे, तरीही एक गोष्ट आच्छादनाच्या चर्चेत नेहमी निसटते. उघड्या मातीतून पाणी उडते ते दोन टप्प्यांत. पाऊस पडल्यानंतर पहिले एक-दोन किंवा फार तर काही दिवस पृष्ठभाग ओला असतो आणि ऊन देईल तितके पाणी उडते. त्यानंतर वरचा थर वाळतो, खालून येणाऱ्या पाण्याची केशाकर्षणाची साखळी तुटते आणि पुढे वाफ त्या कोरड्या थरातून कशीबशी वाट काढते. म्हणजे कोरडी झालेली माती स्वतःच आपल्यावर पांघरूण घालून घेते. कोळपणीला अर्धे पाणी म्हणतात ते याच कारणाने: आपण ती साखळी हाताने तोडतो.

याचा अर्थ असा की आच्छादनाचा सर्वाधिक लाभ सरी वारंवार येतात तेव्हा आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत होतो. पाच महिने थेंबही नसेल, तर अखेरीस आच्छादित आणि उघड्या मातीतला फरक आपल्याला वाटतो त्याहून कमी उरतो. शिवाय दाट गवत पहिले काही मिलिमीटर स्वतःच पिऊन टाकते. ज्या ठिकाणी सरी हलक्या असतात, तिथे जाड आच्छादन कधी कधी छत्रीचे काम करते.

पिंपळपान

छत्रीचा मुद्दा मला मान्य नाही. म्हणूनच आच्छादन जमीन एकदा पुरती भिजल्यावर घालायचे असते, कोरड्या मातीवर नव्हे. कोरड्यावर घातले तर ते कोरडेपणच टिकवते. दोष क्रमाचा आहे, आच्छादनाचा नाही.

वाफसा

क्रमाबद्दल तुमचे म्हणणे योग्य आहे. माझा शब्द मी तेवढ्यापुरता मागे घेतो. हलक्या सरींबद्दलचा मात्र घेत नाही.

निवडुंग

दोघांच्या वादात तिसराच चोर सुटून चालला आहे. उघडी माती पहिली वीतभर सुकवून थांबते हे वाफसा यांनी सांगितलेच. तण थांबत नाही. गवताची मुळे दाट असतात, ती रोपाच्या आधी तिथे असतात आणि फूट-दोन फूट खोलवरचे पाणी पानांवाटे उडवत राहतात. मी एका वर्षी हिरवे गवत दिसते म्हणजे ओल आहे असे समजून समाधानाने बसलो होतो. ते गवत म्हणजे माझ्या रोपांच्या वाट्याचे पाणी होते, हे गवत वाळल्यानंतर पंधरवड्याने कळले. दुसऱ्या वर्षी प्रत्येक रोपाभोवती एक मीटर व्यासाचे वर्तुळ पावसाळ्यात दोनदा खुरपले आणि काढलेले तण उलटे करून तिथेच अंथरले. पाणी एक थेंब जास्त दिले नाही. फरक डोळ्यांनी दिसला.

माळरान, तुमच्या उघड्या आळ्यांत गवत किती होते?

माळरान

गुडघ्याएवढे होते. मी ते सावली म्हणून ठेवले होते.

निवडुंग

सावली फार महाग पडली. झुडपाची सावली आणि गवताची सावली यांत फरक आहे, त्याबद्दल कोणीतरी लिहीलच.

खडकमाती

आतापर्यंतची सगळी चर्चा असलेले पाणी कसे राखावे यावर झाली. परंतु माळरान यांची जमीन उताराची आहे, म्हणजे पावसाचे बरेच पाणी मुरण्याआधीच निघून जाते, आणि जे आलेच नाही ते राखणार काय? माझ्या मते कोरड्या प्रदेशात आधी पाणी गोळा करण्याची रचना आणि मग आच्छादन, हा क्रम असावा.

इस्राएलमधील नेगेव वाळवंटात मायकेल एव्हेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवदात येथील प्राचीन शेती पुन्हा उभी करून हेच दाखवले. तिथे वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही फळझाडे जगली, कारण प्रत्येक झाडाला उताराचा एक तुकडा नेमून दिलेला होता. आपल्याकडे लागू होईल असा हिशेब मांडतो. समजा रोपाच्या वरच्या बाजूला १० चौरस मीटर जागा आहे, २० मिलिमीटरची सर आली आणि तिच्यातले केवळ ३० टक्के पाणी वाहिले. तरी रोपाच्या खळग्यात ६० लिटर जमा होतील. दिवसाआडच्या दोन लिटरने हे गाठायला दोन महिने लागतात, आणि तेही निरर्थक पद्धतीने.

रचना फार सोपी आहे. रोपाच्या खालच्या बाजूला, उताराकडे पाठ केलेली मातीची अर्धचंद्राकृती वरंबी घाला, तिची दोन्ही टोके समपातळीवर ठेवा आणि जादा पाणी टोकांवरून शांतपणे निघेल अशी वाट ठेवा. पश्चिम आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात सुमारे चार मीटर व्यासाच्या अशा अर्धचंद्रांच्या ओळी पाहायला मिळतात. ओळी एकाआड एक सरकवून घातल्या की वरच्या दोन चंद्रांमधून सुटलेले पाणी खालच्या चंद्रात पडते. टोके समपातळीत नसली तर पाणी एकाच टोकाला फुटते, घळ पडते आणि पुढच्या ओळीही घेऊन जाते. नळीत पाणी भरून पातळी पाहण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे काम हाती घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. मी एकदा केला होता.

शंकासुर

आणि रोप नेमके कुठे लावायचे? खळग्याच्या तळाशी लावले, तर मोठ्या पावसात ते आठवडाभर पोहत राहील.

खडकमाती

प्रश्न चांगला आहे. तळाशी नाही, तळाच्या थोडे वर, वरंबीच्या आतल्या पायथ्याशी लावतात. चिकण माती असेल तर ही काळजी अधिक, मुरमाड असेल तर पाणी दिवसभरात उतरते.

भेगाळ

मी भारी काळ्या जमिनीवर काम करतो आणि वाफसा यांच्या सिद्धान्ताला आमची जमीन अपवाद आहे, एवढे नोंदवतो. वरचा थर सुकून पांघरूण तयार होते हे सर्वसाधारण मातीत खरे असेल, परंतु काळ्या जमिनीला सुकताना भेगा पडतात आणि त्या अर्धा मीटर किंवा त्याहून खोल जातात. मग बाष्पीभवन केवळ वरून होत नाही, ते भेगांच्या भिंतींतूनही होते, आणि वाढती मुळे तुटतात ते वेगळेच. आमच्याकडे भेग दिसायला लागण्याच्या आधी हलकी खुरपणी करून वरचा थर भुसभुशीत करणे आणि लगेच आच्छादन घालणे, या दोन गोष्टी जोडीनेच कराव्या लागतात. आच्छादनाचा लाभ हंगामाच्या अखेरीस संपतो, असे या जमिनीबद्दल म्हणता येणार नाही.

वाफसा

मान्य. भेगाळ यांचा अपवाद मी मूळ नियमाइतकाच महत्त्वाचा मानतो.

तिसरापाऊस

मडक्याचा उल्लेख कोणीच कसा केला नाही, याचे आश्चर्य वाटते. कच्च्या भाजणीचे, आतून-बाहेरून लेप न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरायचे, भरायचे आणि तोंड झाकायचे. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. म्हणजे पाणी देण्याचा निर्णय मातीच घेते. ही युक्ती नवी नाही. चीनमधील फान शेंगझी यांच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीविषयक लेखनात पुरलेल्या मडक्यांचे वर्णन आहे.

दोन सूचना अनुभवातून देतो. पाणी क्षारयुक्त असेल तर वर्ष-दोन वर्षांत मडक्याची छिद्रे बुजतात आणि ते शोभेचे उरते. आणि मडके रोपाच्या अगदी जवळ पुरले तर मुळे त्याला मिठी मारून बसतात, खाली जातच नाहीत. मी आता मडके पुरतो, परंतु पहिल्या हंगामानंतर ते भरणे हळूहळू कमी करतो.

मुळाक्षर

तिसरापाऊस यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. ज्यांच्याकडे मडके नाही त्यांनी रोपाच्या बाजूला दोन इंची नळीचा दीड फूट लांब तुकडा उभा पुरावा, खालच्या भागाला भोके पाडावी, वरचे तोंड जाळीने झाकावे (न झाकल्यास त्यात सरडे पडतात आणि मरतात) आणि पाणी त्यातूनच द्यावे. पाणी थेट हातभर खोल पोहोचते, वरची माती कोरडी राहते, त्यामुळे तणालाही आमंत्रण जात नाही. माळरान यांच्या दोन लिटरांना या नळीतून खरोखर अर्थ आला असता.

नवखा

पाणी शोषणारे ते दाणे मिळतात, ज्यांचा पाण्यात लिबलिबीत गोळा होतो, ते मुळाशी घातले तर हे सगळे करावे लागणार नाही ना?

वाफसा

शुद्ध पाण्यात ते दाणे स्वतःच्या वजनाच्या कित्येकशे पट पाणी धरतात, ते खरे आहे. पाण्यात क्षार, विशेषतः कॅल्शियम असेल, तर ही क्षमता झपाट्याने घसरते. वाळूत त्यांचा थोडाफार उपयोग दिसतो, भारी मातीत फारसा नाही, कारण ती माती स्वतःच पाणी धरते. आणि मुख्य म्हणजे ते पाणी निर्माण करत नाहीत. खड्ड्यात आलेच नाही ते दाणे धरणार कोठून? घालायचेच असतील तर आधी भिजवून, मातीत मिसळून आणि अगदी मोजके घाला. जास्त घातले तर पहिल्या मोठ्या पावसात फुगून रोपाला वर ढकलतात.

पिंपळपान

आच्छादनावरच एक अडचण विचारते. माझ्या गवताला वाळवी लागते आणि ती कधी कधी रोपापर्यंत पोहोचते. त्यावर कोणी काही केले आहे का?

खडकमाती

जिथे वाळवी फार, तिथे मी दगड वापरतो. मुठीएवढ्या दगडांचा एक थर रोपाभोवती, खोडाला न चिकटवता. तो कुजत नाही, वाऱ्याने उडत नाही, पावसाला अडवत नाही आणि खालचे पाणी उडू देत नाही. वायव्य चीनच्या कोरड्या भागात शेतांवर खडी आणि वाळूचा थर पसरण्याची रीत तीनशेहून अधिक वर्षे जुनी आहे. दगडाखाली रात्री दव साठून रोप जगते असे काही जण सांगतात, त्यावर मात्र विसंबू नये. दगड काढल्यावर दिसणारी ओल बहुतेक वेळा खालून आलेली आणि दगडाने अडवलेली असते.

बीजवाला

वाळवी सरसकट शत्रू नाही, याचे उत्तम उदाहरण बुर्किना फासोमध्ये आहे. तिथले शेतकरी याकूबा सावादोगो यांनी १९८० च्या सुमारास ‘झाई’ नावाच्या जुन्या पद्धतीत सुधारणा केली. कोरड्या हंगामातच टणक झालेल्या जमिनीत वीत-दीड वीत रुंद आणि वीतभर खोल खळगे खणायचे आणि त्यांत खत-कचरा टाकून ठेवायचा. त्या कचऱ्यावर वाळवी येते, टणक जमिनीत बारीक बोगदे पोखरते आणि पाऊस आला की पाणी त्याच बोगद्यांतून आत उतरते. पिकासाठी केलेल्या या खळग्यांत खताबरोबर आलेल्या बियांतून झाडे उगवली, ती त्यांनी राखली आणि पडीक जमिनीवर जंगल उभे राहिले. पिंपळपानताई, म्हणून माझा सल्ला असा की वाळवीला खोडापासून दूर, आळ्याच्या कडेला तिचे खाद्य द्या. मेलेले लाकूड मिळाले तर ती जिवंत रोपाकडे सहसा उशिरा वळते.

यातून माझा मुख्य मुद्दा निघतो. आपण पिशवीतले रोपच का लावतो? जागेवर पेरलेल्या बीचे मूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली जाते. बी खाणारे उंदीर-पाखरे हा त्रास आहे, दहांतली सात-आठ वाया जातात, परंतु उरलेल्यांना कोणी पाणी घालावे लागत नाही. आणि त्याहीपेक्षा सोपा मार्ग म्हणजे जमिनीत आधीच असलेली मुळे शोधणे. नायजरमध्ये टोनी रिनाउदो यांना १९८३ मध्ये लक्षात आले की ज्यांना ते झुडपे समजत होते ते तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांचे फुटवे आहेत. एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे छाटायचे आणि गुरांपासून राखायचे, एवढ्यावर तिथे कोट्यवधी झाडे वाढली. त्या फुटव्यांची मुळे आधीच खोल असतात, त्यामुळे ओलीचा हा सगळा प्रश्नच बराचसा गळून पडतो. सावादोगो आणि रिनाउदो या दोघांनाही २०१८ चा ‘राइट लाइव्हलिहूड’ पुरस्कार मिळाला.

शंकासुर

म्हणजे माळरान यांनी १०८० घनफूट... नव्हे, ३८६ घनफूट मुरूम उगाच खणला. (१२० खड्डे, प्रत्येकी ९१ लिटर. हिशेब दोनदा केला, पहिला चुकला होता.)

खडकमाती

उगाच नव्हे. बीजवाला यांचा मार्ग जिथे बुंधे शिल्लक आहेत तिथे श्रेष्ठ आहे. जिथे वरची माती धुपून मुरूमच उरला आहे, तिथे खाली जायला मुळाला कोणीतरी दार उघडून द्यावे लागते.

बीजवाला

हे मान्य आहे.

निवडुंग

झुडपाच्या सावलीबद्दल मी अर्धवट सोडले होते. स्पेनमधील सिएरा नेवादा पर्वतात झालेल्या प्रयोगांत मोकळ्या जागी लावलेल्या रोपांपेक्षा झुडपांच्या आडोशाला लावलेली रोपे अधिक जगली, विशेषतः उन्हाच्या, कोरड्या उतारांवर. सावलीमुळे पानांतून कमी पाणी उडते, वारा अडतो, जनावराचे तोंड पोहोचत नाही. झुडूप पाणी घेते, परंतु बहुधा गवतासारखे रोपाच्या मुळांच्या थरातच दाटीने घेत नाही. म्हणून जमीन साफ करताना काटेरी झुडपे उपटून टाकण्याची जी हौस असते, ती आवरावी.

मुळाक्षर

एक इशारा, ज्याबद्दल लागवडीच्या उत्साहात कोणी बोलत नाही. रोपे जगली की प्रश्न संपत नाही, कारण वाढलेली झाडेही पाणी पितात. चीनच्या लोएस पठारावर दाट लागवड केलेल्या झाडांनी जमिनीच्या खोल थरांतील ओल इतकी उपसली की तिथे कायमचा कोरडा थर तयार झाल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. पाऊस जितकी झाडे पोसू शकतो तितकीच लावावी. माळरान यांची ७७ रोपे गेली, तर ७७ पुन्हा लावायचीच असे नाही.

माळरान

आठ दिवसांनी परत येतो आहे. मुळाक्षर यांनी सांगितल्याप्रमाणे मेलेली २० रोपे उकरली आणि जिवंत ४३ रोपांच्या जागांचा कच्चा नकाशाही काढला.

उकरलेल्या रोपांपैकी १३ रोपांची मुळे पिशवीच्या आकारातच गुंडाळलेली होती. पिशवी मी काढली होती, पण मुळांनी ती जणू अजून घातलेली होती. तळाशी सोटमूळ दोन वेढे घेऊन वर वळले होते. पाच रोपांची मुळे खड्ड्याच्या भिंतीपर्यंत गेली आणि तिथून भिंतीला घासत गोल फिरली. भिंत पहारीने खणताना गुळगुळीत झाली होती, मडक्याच्या आतल्या बाजूसारखी. उरलेल्या दोनांना वाळवी लागली होती. सर्व २० ठिकाणी वरची तीन-चार बोटे माती ओलसर आणि वीतभर खाली माती भुकटीसारखी कोरडी होती. वाफसा यांचा हिशेब कागदावर वाचला तेव्हा पटला होता, पहार कोरड्या मातीत आपटली तेव्हा कळला.

नकाशाने अधिक आश्चर्य वाटले. उघड्यांपैकी जगलेल्या १८ रोपांतली ११ जमिनीच्या नैसर्गिक खोलगटात किंवा जुन्या दगडी बांधाच्या वरच्या अंगाला आहेत आणि चार एका काटेरी झुडपाच्या आडोशाला आहेत. ते झुडूप मी तोडायचे राहून गेले होते, त्यात माझी काही हुशारी नाही.

मुळाक्षर

मला हाच संशय होता. पुढच्या वेळी रोपे निवडताना उंची पाहू नका. वीत-दीड वीत उंचीचे, जाड बुंध्याचे, पिशवीत फार काळ न राहिलेले रोप घ्या. लावताना मातीच्या हुंडीच्या बाजूंना धारदार पात्याने वरून खाली दोन-तीन उभे छेद द्या आणि तळाचे वेटोळे एक बोट जाडीचे कापून टाका. रोपाला थोडा धक्का बसतो, परंतु नवी मुळे छेदातून सरळ निघतात. लावण्याआधी महिनाभर रोपांचे पाणी हळूहळू कमी करून त्यांना उन्हात आणा, म्हणजे पाने राठ होतात. रोज दोन वेळा पाणी प्यालेले लुसलुशीत रोप माळावर नेणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

खडकमाती

खड्ड्याच्या भिंती कुदळीच्या टोकाने खरवडून खडबडीत करा आणि तळाला मध्यभागी पहारीने आणखी फूट-दीड फूट भोक पाडून त्यात वरची सैल माती भरा. तुमच्या ९१ लिटरांच्या खड्ड्यात रोपाला उपयोगी पडणारे पाणी फार तर १३-१४ लिटर मावते. तेवढ्यावर कोरडा हंगाम निघत नाही, मुळाला खड्ड्याबाहेर पडावेच लागते.

पिंपळपान

आणि आच्छादन?

वाफसा

घालायचे, ताई. पहिला मोठा पाऊस मुरल्यावर, तण काढून, आठ-दहा सेंटिमीटर. याबाबत आपला वाद उरलेला नाही.

माळरान

या वर्षी ७७ ऐवजी ३० रोपेच लावणार आहे, सगळी अर्धचंद्रांत. दहांना गवत, दहांना दगड, दहांना काही नाही. परंतु तण तिन्ही गटांतले काढणार. प्रत्येक रोपाशेजारी नळी पुरून तीन आठवड्यांनी एकदाच २० लिटर देईन. बीजवाला यांच्या सांगण्यावरून मोकळ्या राहिलेल्या जुन्या खड्ड्यांत प्रत्येकी पाच बियाही टाकेन. नळी आणि वरंबी यांच्यात अंतर किती ठेवावे, हे मात्र अजून ठरवता आलेले नाही.

खडकमाती

नळी वरंबीच्या बाजूला नको, वरच्या अंगाला, रोपापासून वीतभर. वरंबीची माती सैल असते. तिथे पाणी ओतले तर ते मुळाऐवजी वरंबीतून बाहेर पडते.

शंकासुर

आणि नळीला जाळी लावा. सरड्यांच्या वतीने.